कोण ऐकतंय आणि किती लांबून

ऑडिशनला कॅमेऱ्याच्या शेजारी खुर्ची टाकून समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारं एक माणूस बसलेलं असतं. बऱ्याचदा ते माणूस मी असते. आमच्यात याला क्यू देणं म्हणतात. मी स्वतः नटी आहे. नाटकं करते, आवाजाची कामं करते, अधूनमधून कॅमेऱ्यासमोरही असते. पण अभिनयाबद्दल जेवढं या खुर्चीवर बसून कळलं, तेवढं तालमीतही कळलं नाही. तेच पान, तीच वाक्यं, आणि एकामागून एक वेगळी माणसं. कोण कुठे घसरतो, कोण कुठे उचलतो, हे दोन हातांच्या अंतरावरून दिसतं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: नाटकाची ऑडिशन आहे, तर तयारी वेगळी करू का? वेब सीरिजची आहे, तर अभिनय कमी करू का? आवाजाची आहे, मग चेहऱ्याचं काय? माझं म्हणणं थोडक्यात सांगते आणि मग सविस्तर बोलते. संहितेवरची तयारी सगळीकडे एकच. बदलतं ते अंतर. तुमचं बोलणं कोण ऐकतंय, आणि तो तुमच्यापासून किती लांब आहे, एवढं ठरवलं की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

आधी एकसारख्या तयारीबद्दल. समजा तुम्हाला दीड पानाचा प्रसंग पाठवलाय. बऱ्याच वर्षांनी, रात्री, बहीण भावाच्या दारात उभी आहे. तो दार उघडतो. तिचं पहिलंच वाक्य, "चावी कुठे ठेवलीस?" तो म्हणतो, "कुठली?" ती म्हणते, "दादा, चावी." बास. पुढे काय होतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही, आणि विचारलंत तरी "सध्या एवढंच करा" असं उत्तर मिळतं.

यावर बहुतेक जण काय करतात? पानाच्या कडेला लिहितात, 'राग'. आणि येऊन राग करून दाखवतात. मी समोर बसलेली असते, माझ्यापर्यंत त्यातलं काहीच पोचत नाही, कारण तो राग माझ्यासाठी नसतोच. तो खोलीला दाखवायला आणलेला असतो. कॉन्स्टॅन्टिन स्टॅनिस्लाव्हस्की, ज्यांनी 1898 मध्ये नेमिरोविच-डान्चेन्को यांच्याबरोबर मॉस्को आर्ट थिएटर उभं केलं, त्यांच्या पद्धतीतली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटते: पात्राला काय वाटतंय हे नंतर, आधी त्याला काय हवंय ते शोधा. आणि ते क्रियापदात लिहा. 'मी रागावले आहे' हे करता येत नाही. 'याला आत्ताच्या आत्ता माझ्याकडे बघायला लावायचंय' हे करता येतं. 'याला कळू द्यायचं नाही की मला सगळं माहीत आहे' हेही करता येतं, आणि तीच तीन वाक्यं पूर्ण वेगळी निघतात.

मग दोन गोष्टी आणखी. दार उघडण्याच्या एक मिनिट आधी ती कुठे होती? जिना चढून आली? दारापाशी येऊन घंटी न वाजवता उभी राहिली? हे कोणी विचारणार नाही, पण पहिल्या वाक्याचा श्वास तिथूनच येतो. आणि दुसरं, भाऊ 'कुठली?' म्हणतो तेव्हा तिला हे उत्तर अपेक्षित होतं का? नसेल, तर तुम्हाला ते खरंच ऐकावं लागेल. माझं वाक्य संपायची वाट बघणारा नट मला खुर्चीवरून लगेच ओळखू येतो. त्याचे डोळे माझ्या ओठांवर असतात.

पाठांतराबद्दल माझं मत जरा हट्टी आहे. वाक्यं सपाट पाठ करा. अगदी रटाळ, भावशून्य, पाढ्यांसारखी. हावभावासकट पाठ केलं की वाक्याला चाल लागते, आणि एकदा चाल बसली की ती सुटत नाही. मग दिग्दर्शकानं "हेच जरा गमतीत म्हणा" म्हटलं की नटाच्या तोंडून तीच चाल येते, फक्त ओठांवर हसू चिकटवलेलं. समोरच्याची वाक्यंही पाठ असू द्या. ती पाठ नसतील तर तुमचं वाक्य कशाला उत्तर आहे तेच विसरायला होतं. पाठ झालंय की नाही याची परीक्षा आरशासमोर घेऊ नका. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी लावताना म्हणून बघा. हात कामात असताना जे वाक्य अडखळतं, ते ऑडिशनलाही अडखळणार.

इथपर्यंतची तयारी सगळ्यांसाठी सारखी. आता अंतर.

रंगमंचावर ऐकणारा शेवटच्या रांगेत बसलेला असतो, आणि ऑडिशनच्या दिवशी तो तिथे नसला तरी तो आहे असंच धरायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण 6 डेसिबलनी उतरते. सभागृहात भिंती आणि छप्पर थोडी मदत करतात, पण त्या आवाज परत पाठवतात, स्पष्टता पाठवत नाहीत. म्हणून ओरडून उपयोग नसतो. ओरडण्यात स्वर मोठे होतात आणि व्यंजनं बुडतात. अर्थ तर व्यंजनांत असतो.

यात मराठी बोलणाऱ्याची एक खास अडचण आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि नेमका तिथेच श्वास संपतो. "चावी कुठे ठे…" एवढंच मागे पोचतं. 'नाही' तर हमखास बुडतं. "मी इथून जाणार नाही" मधलं 'नाही' गिळलं की शेवटच्या रांगेतला माणूस समजतो, ही निघाली. म्हणून नाटकाच्या तयारीत मी वाक्यं शेवटून चढवते: आधी फक्त 'नाही', मग 'जाणार नाही', मग 'इथून जाणार नाही', मग पूर्ण. श्वास कुठे घ्यायचा ते यातून कळतं, वेगळ्या खुणा कराव्या लागत नाहीत.

आवाज तापवायला मी स्ट्रॉ वापरते. साध्या स्ट्रॉमधून एकाच सुरात हुंकार, मग खालून वर, वरून खाली, पाचेक मिनिटं. स्ट्रॉचं टोक ग्लासभर पाण्यात थोडंसं बुडवून बुडबुडे काढले तरी चालतं. तोंडाची वाट अरुंद झाल्यानं मागे जो दाब तयार होतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर कमी आपटतात. इंगो टिट्झ या आवाजशास्त्रज्ञानं या प्रकारावर बरंच काम केलंय. घसा बसलेला असताना किंचाळून आवाज 'उघडणारे' लोक बघितले की मला त्यांच्या हातात एक स्ट्रॉ द्यावीशी वाटते.

स्वगत मागितलं असेल तर घड्याळ लावा. दोन मिनिटं सांगितली असतील तर पावणेदोनमध्ये संपेल असं कापा, कारण त्या खोलीत सगळ्यांचाच वेग बदलतो. आणि असा उतारा निवडा ज्यात पात्र कुणाकडून तरी काहीतरी मागतंय. आठवणी सांगणारी स्वगतं ऐकायला गोड असतात, पण त्यांत नटाला करायला फारसं काही नसतं. ते 'कुणीतरी' परीक्षकांच्या डोक्याच्या थोडं वर, भिंतीवर एका ठिकाणी बसवा. थेट परीक्षकाच्या डोळ्यांत बघून त्याच्यावर बेवफाईचा आरोप करू नका. बिचाऱ्याला नोंदी लिहायच्या असतात. पाश्चात्त्य धाटणीच्या म्युझिकलसाठी सोळा मात्रांचा नव्हे, सोळा आवर्तनांचा, म्हणजे सोळा 'बार'चा तुकडा मागतात तेव्हाही हिशेब करा: चार मात्रांचं आवर्तन, मिनिटाला 120 मात्रांची लय, म्हणजे सोळा आवर्तनं 32 सेकंदांत संपतात. सुरुवातीचं वादन धरलंत तर गायला उरतंच काय? तेव्हा गाण्याचा सर्वांत बोलका भाग उचलायचा, पहिलं कडवं नव्हे.

आता कॅमेरा. इथे एक प्रसंग सांगते. रंगमंचावर वर्षानुवर्षं काम केलेले एक ज्येष्ठ नट ऑडिशनला आले होते. पाठांतर चोख, उच्चार सुरेख. पहिला टेक झाला, दिग्दर्शक म्हणाले, "जरा कमी करा." दुसरा टेक. "अजून थोडं कमी." तिसऱ्या टेकला चेहऱ्यावर काहीच उरलं नाही. आवाज पडलेला, डोळे विझलेले, आणि ते स्वतः वैतागलेले. तेव्हा दिग्दर्शकांनी वेगळंच केलं. माझी खुर्ची उचलून त्यांच्या इतकी जवळ आणली की आमचे गुडघे जवळजवळ लागत होते. म्हणाले, "काही कमी करू नका. फक्त हिलाच सांगा, शेजारच्या खोलीत मूल झोपलंय." त्यांनी तेच वाक्य म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. मॉनिटरसमोर बसलेली मुलगी लिहायची थांबली.

'कमी करा' ही सूचना मला म्हणूनच आवडत नाही. नट ऐकतो 'कमी वाटून घ्या', आणि आतला दिवाच विझवतो. खरं सांगायचं असतं ते एवढंच, की ऐकणारा आता हातभर अंतरावर आहे. ओढ तेवढीच राहू दे, फक्त ती तेवढ्याच अंतरावर पोचव.

कॅमेऱ्यापुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न विचारायचा तो फ्रेमचा. "फ्रेम कुठपर्यंत आहे?" यात कमीपणा काही नाही, उलट माणूस कामाचा आहे असं वाटतं. कमरेपर्यंत असेल तर हात दिसणार. छातीच्या वर असेल तर हात हलवून फक्त खांदे उडताना दिसणार. अगदी जवळून असेल तर डोळेच सगळं. मायकेल केन या ब्रिटिश नटानं 1987 मध्ये बीबीसीसाठी कॅमेऱ्यासमोरच्या अभिनयाचा वर्ग घेतला होता. त्यात तो दोन साध्या गोष्टी करून दाखवतो: समोरच्याच्या दोन्ही डोळ्यांत आळीपाळीनं न बघता एकाच डोळ्यात बघा, आणि पापण्या उगाच मिटू नका. पहिली गोष्ट घरी फोनच्या कॅमेऱ्यासमोर करून बघा. समोरच्याच्या डाव्या-उजव्या डोळ्यात आपली नजर सारखी फिरत असते, प्रत्यक्षात कुणाला ते जाणवत नाही. क्लोजअपमध्ये मात्र माणूस चोरी करून आल्यासारखा दिसतो.

नजर कुठे ठेवायची तेही ठरवून जा. क्यू देणारा लेन्सच्या ज्या बाजूला बसलाय तिथे. प्रसंगात तिसरं माणूस असेल तर त्याला लेन्सच्या दुसऱ्या बाजूला, जवळच, नेमकी जागा द्या. लेन्सच्या फार लांब बघितलंत तर तुमचा अर्धा चेहरा गेला. लेन्समध्ये बघायला सांगितलं तरच बघा.

आणि ऐकताना काम करा. संकलक बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा वापरतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा 1920 च्या आसपासचा प्रयोग प्रसिद्ध आहे: इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच शॉट सूपच्या वाडग्याला, शवपेटीला जोडून दाखवला, आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. यातून 'चेहरा कोरा ठेवला की झालं' असा अर्थ काढणारे बरेच भेटतात. ऑडिशनला तुमच्या शॉटला जोडायला शवपेटी कुणी आणत नाही. तिथे तो दुसरा शॉट तुमच्या डोक्यात असावा लागतो. 'कुठली?' हे माझं वाक्य ऐकताना तुम्हाला खरंच ती चावी दिसली पाहिजे: कुठल्या खिळ्याला असायची, तिला दोरा कसला होता. दिसली की चेहरा आपलं आपण बघून घेतो.

रोजच्या मालिकांच्या ऑडिशनला आणखी एक भानगड असते. तिथे पान आयत्या वेळी हातात येतं. त्यासाठी घरी वाचायची सवय लावायची: कुठलाही मजकूर घ्या, डोळ्यांनी एक वाक्य उचला, मान वर करा, समोर कुणाला तरी सांगा, मग पुढचं. कागद छातीच्या उंचीला, अंगठा ओळीवर. मान वर असताना बोलायचं, खाली असताना गप्प. सुरुवातीला लाज वाटेल इतकं संथ होतं. पण ऑडिशनला तो संथपणा विचार केल्यासारखा दिसतो, आणि कागदात तोंड खुपसून सलग वाचलेलं वाचल्यासारखंच दिसतं.

जाहिरातींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बऱ्याचदा संवादच नसतो, हात दाखवा, डावीकडून चेहरा, उजवीकडून चेहरा, काहीतरी पिऊन समाधान पावा. तिथे सांगितलेलं एका झटक्यात समजून करणं आणि मजेत असणं हीच तयारी. फक्त समाधान पावताना डोळे बंद करून मान मागे टाकू नका. सगळे तेच करतात.

माझं मन खरं रमतं ते आवाजाच्या कामात. इथे ऐकणारा सगळ्यात जवळ आला, वीतभर अंतरावर. माइक म्हणजे कुणाचा तरी कान आहे असं धरा आणि त्या कानात सभागृहाचा आवाज ओतू नका. एका दिशेनं आवाज घेणाऱ्या माइकच्या फार जवळ गेलात की खर्ज फुगतो. निवेदन करताना अनेकांना तो आवडतो, आणि मग शब्द चिखलात रुततात. प, फ, ब, भ यांचा वारा थेट माइकवर आदळतो. तो अडवायला माइकपुढे जाळी, म्हणजे पॉप फिल्टर असतोच, पण तोंड किंचित तिरकं ठेवून माइकच्या कडेनं बोललात की अर्धं काम तिथेच होतं. स आणि श शिट्टी मारतात. कोरडं तोंड चटचट आवाज करतं, म्हणून पाणी त्याच वेळी ढोसण्यापेक्षा तासभर आधीपासून घोटघोट पीत राहा. सळसळणारे कपडे, बांगड्या, खिशातल्या किल्ल्या, सगळं बाहेर. पानं टाचलेली नकोत. सुटी ठेवा, शेजारी शेजारी, आणि वाक्याच्या मध्ये पान उलटू नका.

उच्चारही इथे उघडे पडतात. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन च वेगळे आहेत, बोलताना कुणी पकडत नाही, माइक पकडतो. 'चटईला टाचणी टोचली' हे लहानपणी वेगानं म्हणायची शर्यत असायची. मी ते आता अगदी सावकाश म्हणते, जीभ दर वेळी कुठे टेकते ते तपासत.

पण माइकपुढचा सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे शरीर लागत नाही हा. 'चावी कुठे ठेवलीस?' हे हात खिशात घालून, पायावर पाय टाकून म्हणा, आणि मग जिना चढून आल्यासारखा श्वास घेऊन, पुढे झुकून म्हणा. ऐकणाऱ्याला फरक डोळे मिटूनही कळतो. हसू तर सरळ ऐकू येतं, कारण ओठ ताणले की तोंडाचा आकारच बदलतो. तेव्हा हावभाव पूर्ण करा, फक्त तोंड माइकपासून तेवढ्याच अंतरावर राहू द्या. व्हिडिओ गेमच्या ऑडिशनला ओरडणं, मार खाणं, मरणं असं बरंच काही मागतात; ते सगळ्यात शेवटी घेता येईल का, असं नम्रपणे विचारायचं. आधी किंचाळलात तर नंतरच्या संवादांना घसा उरत नाही.

डबिंगमध्ये अंतराचा हिशेब दुहेरी. ऐकणारा वीतभरावर आहेच, पण पडद्यावरचा माणूस किती लांबून कुणाशी बोलतोय तेही तुमच्या आवाजात यायला हवं. तो मैदानापलीकडे हाक मारतोय आणि तुम्ही कानात कुजबुजताय, असं ऐकलंच असेल तुम्ही. लिप सिंकसाठी पडद्यावर ओठ कुठे मिटतात ते आधी बघा. प, फ, ब, भ, म यांवर ओठ मिटतात, आणि प्रेक्षकाला चूक तिथेच खटकते. बाकीचं थोडं पुढेमागे झालेलं चालून जातं. वाक्य कुठे सुरू होतं यापेक्षा ते कुठे संपतं ते मी आधी पक्कं करते. आणि मूळ नटाचा श्वास चोरा. तो जिथे श्वास घेतो तिथे घेतलात की लय बरीचशी हाती येते.

मोशन कॅप्चरमध्ये, म्हणजे नटाच्या हालचाली टिपून संगणकावरच्या पात्राला देतात तिथे, उलटं. तिथे वेश नाही, नेपथ्य नाही, अंगावर नुसते मार्कर, हालचाल टिपायच्या खुणा. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा, आणि सात्त्विक म्हणजे आतून उमटणारा. मोशन कॅप्चरमध्ये आहार्य शून्यावर येतं आणि सगळा भार अंगावर. आवाजाच्या खोलीत वाचिक पुढे येतं. क्लोजअपमध्ये सात्त्विक. कुठल्या ऑडिशनला जाताना यातलं काय पुढे करायचं आणि काय मागे ठेवायचं, एवढा विचार घरून निघण्याआधी करायला हरकत नाही.

सात्त्विकावरून आठवलं. नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव असे: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम, काटा, आवाज फाटणं, थरथर, चेहरा पांढरा पडणं, डोळ्यांत पाणी, शुद्ध हरपणं. ऑडिशनच्या बाहेर बाकावर बसलेल्या कुठल्याही माणसाकडे बघा, यातले निम्मे त्याला न मागता आलेले असतात! मी ते घालवायच्या भानगडीत पडत नाही. थरथर त्या बहिणीला देऊन टाकते. रात्री, इतक्या वर्षांनी भावाच्या दारात उभी आहे, तिचे हात थरथरणारच. फक्त आत जाण्याआधी श्वास पूर्ण सोडून देते. घाबरल्यावर आपण श्वास घेत राहतो, सोडत नाही, आणि मग पहिलं वाक्य छातीच्या वरच्या टोकावरून निघतं.

सेल्फ टेपबद्दल, म्हणजे घरीच स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनबद्दल, मात्र माझ्या तक्रारी आहेत, कारण ओळखीच्या मुलामुलींनी मला पाठवलेले टेप बघून मी थकले. फोन आडवा धरा. तो डोळ्यांच्या उंचीवर, कशावर तरी स्थिर ठेवा. मागचा कॅमेरा वापरा आणि थोडं लांब उभं राहा. हातभरावरून काढलं तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात. उजेड समोरून, खिडकी पाठीशी नको. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवा, पडदे ओढा, पलंगावर रजया पसरा. क्यू देणाऱ्याला फोनच्या अगदी शेजारी उभं करा, पण हळू बोलायला सांगा. तो माइकच्या जवळ आहे, तुम्ही लांब. तो साध्या आवाजात बोलला तरी ऑडिशन त्याचीच वाटते. घरातलं कुणी नसेल तर समोरची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवणारे आहेत. मला ते पटत नाही. रेकॉर्डिंग तुमच्यासाठी थांबत नाही, आणि न थांबणाऱ्या माणसाशी बोलताना तुम्ही ऐकणं सोडून देता. फोनवरून जोडलेला, आवाज फाटणारा मित्रही त्यापेक्षा बरा.

आणि सारखे टेक घेऊ नका. चेहरा सुधारत जातो, प्रसंग मरत जातो.

प्रत्यक्ष खोलीत टेक झाल्यावर दिग्दर्शक म्हणतो, "छान, आता वेगळं करून दाखवा." इथे बरेच जण कोसळतात, त्यांना वाटतं पहिलं फसलं. बहुतेकदा पहिलं आवडलेलं असतं म्हणूनच दुसरं मागतात. न आवडलेल्याला "थँक्यू, कळवतो" एवढंच. त्यांना बघायचं असतं की हा माणूस सूचना घेतो का. त्यासाठी घरून दोन वेगळ्या इच्छा ठरवून न्या. तीच बहीण एकदा 'याला कबूल करायला लावायचंय' म्हणून, एकदा 'याला वाचवायचंय' म्हणून. दिग्दर्शकाची सूचना तिसरीच असेल, पण दोन वाटा चालून आलेल्याला तिसरी अवघड जात नाही. सूचना कळली नाही तर "म्हणजे तिला त्याच्याकडून काय हवंय, असं धरू?" असं विचारा. "म्हणजे अजून राग?" असं नको.

बाहेर पडलात की एक काम तासाभरात उरका. वहीत टिपून ठेवा: कुठला प्रसंग, कुठली फ्रेम, काय सूचना मिळाली, ती दिल्यावर तुम्ही नेमकं काय बदललंत, आणि अंगात काय घातलं होतं. निकालाचं काय वाटतं ते लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. कॉलबॅक, म्हणजे पुन्हा बोलावणं आलं तर टेप बघून ज्यांनी तुम्हाला बोलावलं, त्यांना तेच माणूस परत हवं असतं. तेव्हा तेच कपडे, तेच केस, आणि मिळालेल्या सूचनेपासून सुरुवात. तो निळा शर्ट धुवून, इस्त्री करून, बाजूला टांगून ठेवा. भावाला घालायला देऊ नका.